आधी खिडक्या बघ, मग कापड

अंबरनाथ (पूर्व)
अक्षय्य तृतीया

चि. सोनू,


बदलापूरच्या नव्या घराचे फोटो पाहिले. हॉलसाठी पाठवलेला मरून मखमलीचा नमुनाही पाहिला. दिसायला राजेशाही आहे, नाही म्हणत नाही. पण इसार दिला नसशील तर थांब गं. 30 वर्षं लोकांचे पडदे शिवतेय, त्यात एक गोष्ट पक्की शिकले: माणसं कापड दुकानात बघतात आणि वापरतात खिडकीत. दुकानात एसी असतो, दिवे असतात. ऊन आणि पाऊस नसतो.

तुझा हॉल पश्चिमेचा, पाचव्या मजल्यावर, समोर इमारत नाही. म्हणजे दुपारी दोनपासून डोंगरांमागं सूर्य बुडेपर्यंत ऊन थेट काचेवर. एकदा का ते काच ओलांडून आत आलं, की पडदा कितीही जाड असो, आधी तोच तापतो आणि मग खोली तापवतो. म्हणून पहिला पैसा पडद्यावर घालू नकोस, बाल्कनीत बाहेरच्या बाजूला बांबूची चीक टांग. ऊन बाहेरच अडलं की आतल्या पडद्याला फारसं काम उरत नाही.

जावईबापू नागपूरचे, ते वाळ्याचे पडदे म्हणतील. त्यांच्याकडं ते खरंच गार करतात, कारण तिथली उन्हाळी हवा कोरडी. शिंपडलेलं पाणी झपाट्यानं उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. आपल्याकडं मे महिन्यात अंगावरचा घाम वाळत नाही, तिथं वाळ्याचं पाणी काय उडणार? घरात वास छान येईल, आणि ओल वाढेल.

मग पडद्याचं कापड कसं पारखायचं? उल्हासनगरला मी कापड घ्यायचे त्या दुकानात एक वृद्ध सिंधी काका बसत. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत जी कुटुंबं आली, त्यांतलं त्यांचं एक. त्या वस्तीला 1949 मध्ये उल्हासनगर नाव मिळालं, तरी तिथले भाग अजून कॅम्प नंबरानंच ओळखतात. काका सांगायचे, सिंधमधल्या हैदराबादेत घराघराच्या छपरावर वारा पकडून खाली सोडणारे झरोके असत. मग थानावर थाप मारून म्हणायचे, "कापड तोंडाशी धरून फुंकर मारा. पलीकडच्या हाताला लागली तरच खिडकीला लावा." इतकी सोपी परीक्षा मला कुणी शिकवली नव्हती.

त्या परीक्षेत सैल विणीचं सुती कापड, दोसुती, खादी पास होतात. मखमल नापास, आणि मागून रबरासारखा थर दिलेलं ब्लॅकआऊटही नापास. तो थर आपल्या दमट हवेत काही वर्षांनी चिकट होऊन सुटून येतो, हे मी दुरुस्तीला आलेल्या पडद्यांवर पाहिलंय. बाळाच्या दुपारच्या झोपेसाठी अंधार हवाच असेल, तर बेडरूमच्या सुती पडद्याला गडद सुती अस्तर वेगळं लाव, हुकांवर काढता येईल असं. हॉलमध्ये मात्र फिका रंग घे, तो ऊन परतवतो.

आता खरी गोष्ट. पडदा मे महिन्यासाठी घेतात आणि फसतात जुलैत. माझंच सांगते. संसाराच्या सुरुवातीला हौसेनं जाड पडदे शिवले, अस्तर लावलं, वर कडक दिसावेत म्हणून खळ दिली. ते जमिनीवर लोळत होते. पावसाळ्यात फरशीला पाणी सुटलं, ते दुमडीतून वर चढलं, आणि गणपतीत पडदे सरकवले तर मागं काळ्या ठिपक्यांची रांगोळी! बुरशीला खळ आवडते आणि सुती कापडही. चूक कुणाची? माझीच.

म्हणून सुताचीच आंधळी भक्ती नको. सूत हवेतली ओल पितं, पॉलिएस्टर जवळजवळ पीतच नाही, चटकन वाळतं. पावसाचा मारा पश्चिमेच्याच खिडकीवर येतो, तर तिथं जूनमध्ये सुती जोड उतरव, धुऊन कडकडीत वाळवून ठेव, आणि पातळ मिश्र धाग्याचा जोड लाव. ‘प्युअर कॉटन’ सांगून काहीही विकतात. कडेचा धागा काढून जाळ. सूत कागदासारखं जळून राख होतं, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

मापाचं ध्यानात ठेव. खिडकी 60 इंच रुंद असेल तर चुण्यांसाठी दुप्पट, म्हणजे 120 इंच कापड हवं. 48 इंच पन्ह्याचे तीन पन्हे लागतील. पडद्याची उंची 60 इंच धरली, तर दुमडीचे 8 आणि आटण्याचे 3 मिळवून 71. तीन पन्ह्यांचे झाले 213 इंच, म्हणजे सुमारे साडेपाच मीटर. सुती कापड शिवण्याआधी एकदा भिजव, नाहीतर पहिल्या धुण्यात पडदा आखूड होतो आणि शिव्या शिंपिणीला. लांबी खिडकीच्या कठड्याखाली सहा इंच पुरे. जो पडदा तुला एकटीला स्टुलावर चढून काढता येत नाही, बादलीत मावत नाही, तो घेऊच नकोस. तो धुतला जाणार नाही.

घाई कशाला? तुझ्या आईच्या जुन्या सुती साड्या माझ्या ट्रंकेत आहेत, त्या रविवारच्या लोकलनं घेऊन येते. दांड्यांना नुसत्या टांगू. पहिला पाऊस पडेपर्यंत राहू देत. कुठली साडी दुपारी तापते, कुठली वाऱ्यानं फुगते, कुठलीचा काठ भिजतो, ते बघत राहा आणि एका वहीत लिही. ती वही घेऊन मग आपण दोघी उल्हासनगरला जाऊ. मरून रंग तेव्हाही आवडला तर त्याच्या उशा शिवून देईन.

जावईबापूंना नमस्कार, बाळाला पापा.

तुझी,
मावशी