कोऱ्या संगणकाला पहिला धडा कोण देतो?

तुमच्या शाळेत तीस नवे संगणक आले आहेत अशी कल्पना करा. खोकी उघडली, तारा जोडल्या, बटण दाबले. पडद्यावर एक-दोन ओळी उमटल्या आणि संगणक गप्प बसला. कारण त्याची चकती कोरी आहे. कळफलकावरील अक्षर ओळखणे, पडद्यावर चित्र काढणे, फाइल जपून ठेवणे ही कामे जिच्या आधाराने चालतात ती ऑपरेटिंग सिस्टिम त्यात अजून कोणी भरलेलीच नाही.

पेनड्राइव्ह घेऊन एकेका संगणकापाशी बसणे हा सरळ मार्ग. प्रत्येकी अर्धा तास धरला तर तीस संगणकांना पंधरा तास झाले. शिवाय मध्ये मध्ये प्रश्न येतात : भाषा कोणती? घड्याळ कोणत्या प्रदेशाचे? चकतीचे भाग कसे पाडू? पहिल्या पाच संगणकांना माणूस नीट उत्तरे देतो, विसाव्यापाशी तो चुकतो. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी हा उद्योग एकदा केला आहे. त्यांतील चार संगणक नेमक्या कोणत्या देशाची वेळ दाखवीत होते, हा मुलांना पुढे आठवडाभर संशोधनाचा विषय झाला होता!

मग सर्व संगणक तारेने एका सर्व्हरला जोडून तेथूनच सारे भरले तर? येथे एक कोडे उभे राहते. जाळ्यातून फाइल मागवायची तर ऑपरेटिंग सिस्टिम हवी, आणि ती नाही म्हणूनच तर मागवायची आहे. विहिरीत पडलेला दोर काढायला विहिरीत उतरावे, तर त्यासाठी दोर हवा, तशातला हा प्रकार.

या कोड्याची उकल अशी, की संगणक अगदीच अडाणी नसतो. त्याच्या मुख्य पाटीवरील एका चिपमध्ये कारखान्यातच एक छोटा कार्यक्रम लिहिलेला असतो आणि वीज गेली तरी तो पुसला जात नाही. जाळ्यावरून सुरू होण्याची रीत त्याला ठाऊक असते. या रीतीला पीएक्सई म्हणतात. तिच्या नियमांची २.१ ही आवृत्ती इंटेल कंपनीने १९९९ मध्ये प्रसिद्ध केली.

आता हा कार्यक्रम काय करतो ते पाहा. आपण कोण, हे सांगायला त्याच्यापाशी एकच गोष्ट असते. ती म्हणजे जाळ्याच्या कार्डावर कोरलेला ४८ बिटांचा क्रमांक. सर्व्हर कोठे आहे हे त्याला माहीत नसते. म्हणून तो रात्री अनोळखी गावच्या एसटी स्टँडवर उतरलेल्या पाहुण्यासारखी सर्वांनाच हाक घालतो. ४८ च्या ४८ बिट १ असलेला पत्ता म्हणजे ‘जाळ्यावरील सर्वांना’. ‘मी अमुक क्रमांकाचा संगणक. मला कोणी पत्ता देईल काय?’ सर्व्हर उत्तरतो, ‘हा घे पत्ता, आणि अमुक ठिकाणी अमुक नावाची फाइल आहे, ती माग.’ या देवघेवीचे नियम म्हणजे डीएचसीपी. त्याचा पूर्वज बूटपी हा १९८५ चा.

फाइल मागण्याची पद्धत तर आणखीच साधी आहे. तिचे नाव टीएफटीपी. सर्व्हर ५१२ बाइटांचा एक तुकडा पाठवतो. ‘मिळाला’ असा निरोप आल्यावरच पुढचा पाठवतो. यात किती वेळ जातो ते आपण काढू. फाइल ३ कोटी बाइटांची असेल तर सुमारे ५८,६०० तुकडे होतील. एका तुकड्याच्या जाण्यायेण्यास एक सहस्रांश सेकंद लागला, तर एकूण सुमारे ५९ सेकंद. आता तीच फाइल सेकंदाला १० कोटी बिट वाहणाऱ्या तारेतून अखंड सोडली, तर? २४ कोटी बिट भागिले १० कोटी, म्हणजे अवघी २.४ सेकंद! बाकीचा सारा वेळ एकमेकांची वाट पाहण्यात गेला. असे असूनही ही पद्धत टिकली, कारण तिच्यासाठी लागणारा कार्यक्रम चिमुकल्या चिपमध्ये मावतो. (पुढे मोठे तुकडे मागण्याची सोयही झाली.)

म्हणून टीएफटीपीने फक्त सुरुवातीचा भाग आणतात : आधी एक लहानसा कार्यक्रम, मग त्याच्या मदतीने ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. गाभा स्मृतीत शिरला की संगणक शहाणा होतो आणि उरलेला मोठा साठा वेगवान मार्गाने स्वतःच खेचून घेतो. प्रत्येक पायरी पुढची पायरी मागण्यापुरतेच ज्ञान देते.

राहिले मघाचे प्रश्न. त्यांची उत्तरे एका फाइलमध्ये आधीच लिहून सर्व्हरवर ठेवतात. लिनक्सच्या रेड हॅट घराण्यात तिला किकस्टार्ट म्हणतात, डेबियनमध्ये प्रीसीड. भाषा इंग्रजी, वेळ एशिया-कोलकाता, चकती पूर्ण पुसावी, असे सर्व तीत असते. प्रश्न पडला की संगणक त्या फाइलमध्ये पाहतो. माणसाची गरजच उरत नाही.

मात्र माणूस नसतो तेव्हा ‘थांब’ म्हणणाराही कोणी नसतो. आमच्याकडे ही व्यवस्था मी प्रथम लावली तेव्हा सायंकाळी सर्व सुरू करून घरी गेलो. सकाळी येऊन पाहतो, तर तिसांच्या तीस संगणकांवर भरणी चालूच! काम संपले की संगणक पुन्हा सुरू होई, पुन्हा आधी जाळ्यालाच विचारी, आणि सर्व्हर पुन्हा तेच उत्तर देई. रात्रभर त्यांनी तोच धडा गिरवला होता.

यावर मी हसलो. दुसऱ्या वेळी हसण्यासारखे काही नव्हते. शेजारच्या खोलीतील एक संगणक त्याच जाळ्यावर होता. त्यावर एका विद्यार्थिनीने अर्धवाहकाच्या प्रयोगाची तीन आठवड्यांची निरीक्षणे साठवली होती. दुपारी वीज गेली, परत आली, आणि तो संगणक आपोआप सुरू झाला. त्यानेही हाक घातली. मी सर्व्हर चालूच ठेवला होता. त्याने विचारणाऱ्याला भरणीची फाइल दिली, आणि ‘चकती पूर्ण पुसावी’ ही ओळ तीत होतीच. तिने पहिल्या दहा दिवसांचे आकडे वहीत उतरले होते, तेवढे वाचले. उरलेला प्रयोग तिला पुन्हा करावा लागला. चूक सर्वस्वी माझी होती.

त्यानंतर मी तीन गोष्टी बदलल्या. सर्व्हरपाशी आता क्रमांकांची यादी असते. यादीबाहेरच्या कोणी विचारले तर ‘तुझ्या चकतीवरूनच सुरू हो’ एवढेच उत्तर मिळते. भरणी पूर्ण होताच तो क्रमांक यादीतून आपोआप गळतो. आणि भरणीचे जाळे इतर जाळ्यापासून वेगळे असते. या तिसऱ्या बदलाला आणखीही एक कारण आहे. हाक ऐकून जो आधी उत्तर देईल त्याचे कोरा संगणक ऐकतो. उत्तर देणारा खरा की तोतया, हे जुन्या पीएक्सईला ओळखता येत नाही, आणि टीएफटीपीत परवलीचा शब्दच नाही. अलीकडच्या संगणकांत आलेल्या फाइलवरील सही तपासण्याची सोय असते. ती चालू आहे ना, हे शिक्षकांनी अवश्य पाहावे.

तुमच्या शाळेत तारेने जोडलेले संगणक असतील तर शिक्षकांच्या परवानगीने त्यांचे ४८ बिटांचे क्रमांक वहीत टिपा. ते दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्यांत दिसतील. पहिल्या तीन जोड्या कार्ड बनविणाऱ्या कंपनीच्या असतात. एकाच वेळी विकत घेतलेल्या संगणकांत त्या सारख्या आहेत का, पाहा. आणि एक गणित : प्रत्येक संगणकाला २०० कोटी बाइट भरायचे आहेत, संगणक तीस आहेत, आणि सर्व्हरची तार सेकंदाला १०० कोटी बिट वाहते. तार अखंड वाहती राहिली, तर किती मिनिटे लागतील? उत्तर ८ आले तर तुमचे बरोबर आहे.