पिटहोल: तेल होतं, तरी गाडीवानांचा धंदा बसला

एक प्रश्न मला सारखा येतो. "दादा, आमच्या इथे महामार्गाचं काम सुरू झालंय, चारशे-पाचशे कामगार आहेत. खानावळ टाकू का? किराणा टाकू का?" याचं एका शब्दात उत्तर नाही. म्हणून व्हिडिओत ज्या पिटहोल गावाचा उल्लेख केला, त्याची गोष्ट आज नीट सांगतो. गाव आपल्याकडचं नाही, अमेरिकेतलं आहे. पण गल्ला सगळीकडे सारखाच असतो.

पेनसिल्व्हेनिया राज्यात टायटसव्हिल इथे १८५९ च्या ऑगस्टमध्ये एडविन ड्रेकच्या विहिरीला जेमतेम ७० फुटांवर तेल लागलं. तेव्हा मोटारी नव्हत्या, या तेलाचं रॉकेल व्हायचं आणि त्यावर दिवे जळायचे. मग आसपासच्या ओढ्यांकाठी जो तो खोदायला लागला. जानेवारी १८६५ मध्ये तिथून जवळच, पिटहोल क्रीक या ओढ्याकाठी होल्मडेन नावाच्या शेतकऱ्याच्या जमिनीत तेल लागलं. दिवसाला सुमारे २५० बॅरल! मे महिन्यात त्या शेतात प्लॉट पाडले. सप्टेंबरपर्यंत तिथे अंदाजे १५,००० माणसं होती. पन्नासच्या वर हॉटेलं, नाटकगृह, रोजचं वर्तमानपत्र, आणि राज्यातल्या सगळ्यात गजबजलेल्या पोस्टांपैकी एक पोस्ट. चार-पाच महिन्यांत! त्याच वर्षी अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं होतं, त्यामुळे सुटलेले सैनिक साठवलेला पगार खिशात घेऊन तिकडे धावले होते.

आता यातला एक धंदा नीट बघा. तेल लाकडी पिंपांत भरायचं, घोडागाडीवर चढवायचं आणि चिखलातून रेल्वेपर्यंत न्यायचं. हे काम गाडीवानांचं. दुसरा मार्गच नव्हता, म्हणून ते म्हणतील तो भाव. पाऊस झाला की भाव आणखी वर. रस्ता जितका खराब तितकी कमाई जास्त. ऐकायला मस्त वाटतं ना? पण गिऱ्हाईक मनातून वैतागलेलं होतं, आणि वैतागलेलं गिऱ्हाईक पर्याय शोधतच असतं.

तेलाचा व्यापार करणारा सॅम्युएल व्हॅन सिकल असाच वैतागला. त्याने पिटहोलपासून मिलर फार्मच्या रेल्वे ठिकाणापर्यंत पाच मैलांहून जास्त लांब, फक्त दोन इंची लोखंडी पाइप टाकला आणि वाटेत पंप बसवले. लोक हसले. ऑक्टोबर १८६५ मध्ये त्यातून तेल वाहायला लागलं, दिवसाला सुमारे २,००० बॅरल. भाडं बॅरलला एक डॉलर, गाडीवानांपेक्षा कितीतरी कमी. गाडीवानांनी पाइप उखडले, मग पाइपवर बंदूकधारी पहारा बसला. पण भावाचा फरकच इतका होता की मारामारी करून उपयोग नव्हता. गाडीवान गाव सोडायला लागले.

मला इथेच थांबावंसं वाटतं. तेव्हा पिटहोलमध्ये तेल भरपूर होतं! गाव जोरात होतं. तरी गाडीवानांची तेजी संपली. आणि गाडीवान गेले की त्यांना जेवण घालणारा, घोड्यांना दाणा-वैरण विकणारा, नाल ठोकणारा यांचंही गिऱ्हाईक गेलं. (व्हॅन सिकलही फार सुखी झाला नाही. कर्जापायी पाइपलाइन त्याच्या हातून गेली.)

बाकीच्यांची पाळी लवकरच आली. विहिरी आटल्या, १८६६ मध्ये आगी लागल्या, त्याच वर्षी मार्चमध्ये या भागातल्या तेलात पैसा अडकवलेली एक मोठी बँकिंग पेढी बुडाली. १८६६ संपेपर्यंत गावात दोनेक हजार माणसं उरली. काहींनी लाकडी इमारती सोडवून दुसऱ्या गावी नेल्या. वर्तमानपत्रवाल्याने तर १८६८ मध्ये अख्खा छापखानाच पेट्रोलियम सेंटर या दुसऱ्या तेलगावी हलवला. मला हा माणूस सगळ्यात जास्त आवडतो. १८७७ मध्ये गावाचा नगर म्हणून दर्जा रद्द झाला आणि पुढे उरलेली जमीन काउंटीला विकली गेली, किंमत ४ डॉलर ३७ सेंट. आज तिथे छोटं संग्रहालय आहे, आणि गवत कापून जुने रस्ते कुठे होते ते दाखवतात.

मे महिन्यात साधी लाकडी खानावळ टाकणाऱ्याला पैसे काढायला निदान काही महिने मिळाले. डिसेंबरमध्ये झुंबर लावलेलं हॉटेल उघडणाऱ्याला? गाव तेच, धंदा तोच.

मीही एका बांधकामाच्या साइटसमोर दुसरं दुकान टाकलं होतं. फरशी, पीओपी, काचेचा दरवाजा, सगळं केलं. काम संपलं, कामगार गेले. काचेचा दरवाजा अजून गोडाऊनला पडून आहे.

म्हणून आता वही घ्या. समजा दुकानाला ४ लाख लागणार. त्यातले फ्रीज, रॅक, काटा, डिपॉझिट मिळून दीड लाख परत मिळतील. म्हणजे फरशी, रंग, वायरिंगमध्ये अडकलेले अडीच लाख. सगळा खर्च आणि तुमचा घरखर्च जाऊन महिन्याला २५ हजार उरले, तर ते सुटायला १० महिने. आता साइटवरच्या सुपरवायझरला चहा पाजा आणि विचारा, काम किती महिन्यांचं आहे. तो १२ म्हणाला तर ८ धरा. आकडा बसत नसेल तर फरशी कमी करा, पत्र्याच्या शेडमध्ये बसवा, किंवा टेम्पोवर चालेल का ते बघा.

आणि त्याला आणखी एक विचारा: कामगारांसाठी कंपनी स्वतःचं कॅन्टीन काढणार आहे का? काढणार असेल तर काम तीन वर्षं चालू दे, तुमची तारीख कॅन्टीन सुरू होण्याची.