वर्तनोपचारक आणि स्वमग्न मूल

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांच्या वर्तनाची निरीक्षणे प्रसिद्ध केली. माणसांत वावरत असूनही ही मुले एकाकी असत. नित्यक्रमात किंचितही बदल झाला तर ती विलक्षण अस्वस्थ होत. काहींना बोलता येत असे. परंतु त्या बोलण्याचा संवादासाठी उपयोग होत नसे. या अवस्थेला आपण ‘स्वमग्नता’ म्हणतो. आईवडिलांच्या मायेच्या अभावी ती उद्भवते, हा एके काळचा समज चुकीचा ठरला आहे. तिचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत असून औषधाने ती नाहीशी होत नाही. असे असताना वर्तनोपचारक अशा मुलासाठी नेमके काय करतो, याचा येथे विचार करू.

वर्तनोपचाराचा पाया बी. एफ. स्किनर यांच्या साधक अभिसंधानाच्या सिद्धान्तात आहे. एखाद्या कृतीनंतर प्राण्याला वा माणसाला काही हवेसे लाभले, तर ती कृती पुन्हा घडण्याचा संभव वाढतो. यालाच ‘प्रबलन’ असे नाव आहे. तत्त्व साधे आहे; कस लागतो तो निरीक्षणात. ‘मूल हट्टी आहे’ ही नोंद उपचारकाच्या उपयोगाची नसते. तो तीन गोष्टी टिपून ठेवतो : आधी काय घडले, मुलाने काय केले आणि त्यानंतर काय झाले. पाटी पुढे ठेवताच मूल स्वतःच्या हाताला चावते आणि पाटी बाजूला घेताच शांत होते, असे आठ-दहा वेळा दिसून आले, म्हणजे त्या चावण्याचा अर्थ उलगडू लागतो.

नोंदीनंतर येते ते पायरीपायरीने शिकवणे. याचे एक प्रसिद्ध उदाहरण वुल्फ, रिझली आणि मीस या तिघांनी १९६४ साली नोंदवले आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील एका मनोरुग्णालयात साडेतीन वर्षांचा एक स्वमग्न मुलगा होता. मोतीबिंदूमुळे त्याच्या डोळ्यांतील भिंगे काढून टाकावी लागली होती आणि तो चष्मा मुळीच लावू देत नसे. लवकर चष्मा न लावल्यास दृष्टी कायमची अधू होईल, असे नेत्रतज्ज्ञांनी बजावले होते. उपचारकांनी चष्मा बळजबरीने त्याच्या डोळ्यांवर चढवला नाही. प्रथम काचा नसलेल्या रिकाम्या चौकटी त्याच्या खोलीत ठेवण्यात आल्या. चौकट उचलली की खाऊ. मग ती हातात धरून ठेवली की खाऊ. मग डोळ्यांजवळ नेली की खाऊ. प्रगती मंद होती. पुढे न्याहारीचे घास बक्षीस म्हणून वापरले, तेव्हा तिला वेग आला. अखेरीस तो मुलगा दिवसाचे सुमारे १२ तास चष्मा लावू लागला. बालकाच्या भुकेचा असा उपयोग आजच्या व्यावसायिक नीतीला मान्य होण्यासारखा नाही; परंतु अवघड कृती लहान लहान पायऱ्यांत विभागण्याची ती रीत आजही या व्यवसायाचा कणा आहे.

दुसरा महत्त्वाचा टप्पा १९८५ सालचा आहे. कार आणि ड्युरंड यांनी असे दाखवून दिले, की काही मुलांचे त्रासदायक वर्तन काम फार अवघड झाले म्हणजे वाढते, तर काहींचे मोठ्या माणसांचे लक्ष कमी झाले म्हणजे. पहिल्या प्रकारच्या मुलांना आपल्याला समजत नसल्याचे सांगावयास शिकवले. दुसऱ्या प्रकारच्या मुलांना आपले काम कसे झाले, असे विचारावयास शिकवले. हे शब्द मुलाच्या गरजेशी जुळले, तेव्हा त्रासदायक वर्तन ओसरले. ज्याला आपण खोड समजत होतो ते वस्तुतः सांगणेच होते. म्हणून जाणता उपचारक एखादे वर्तन बंद पाडण्यापूर्वी त्याच्या जागी कोणते साधन द्यावयाचे, हे ठरवतो.

या शास्त्राच्या इतिहासात काळी बाजूही आहे. कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ लोव्हास यांनी १९८७ साली १९ मुलांवरील दीर्घ उपचारांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आठवड्याला ४० तासांहून अधिक शिकवणे, तेही दोन किंवा अधिक वर्षे, असे त्याचे स्वरूप होते. त्यांपैकी ९ मुले सर्वसाधारण शाळेत पहिली इयत्ता उत्तीर्ण झाली. या निष्कर्षाने अनेक पालकांना आशा दिली. परंतु मुलांची गटवारी यदृच्छ पद्धतीने केलेली नव्हती, आणि उपचारांत दरडावणे व मांडीवर चापट मारणे यांचाही समावेश होता. मोठ्या झालेल्या अनेक स्वमग्न व्यक्तींनी पुढे अशा उपचारांविरुद्ध आवाज उठवला. नजरेला नजर देण्याची सक्ती किंवा हात फडफडवण्यावर बंदी यांमुळे इतरांना समाधान लाभते. पण मुलाच्या पदरात काय पडते, असा त्यांचा सवाल आहे. उपचारकाला तो टाळता येणार नाही.

भारतात आठवड्याला ४० तासांचे उपचार बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचे आहेत. त्यामुळे येथे पालकांनाच शिकवण्याला विशेष महत्त्व येते. १९९१ साली दिल्लीत स्थापन झालेल्या ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ या संस्थेने पालक व मूल यांना एकत्र शिकवण्याचा मार्ग अवलंबला. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात आणि पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात स्वमग्नतेला स्थान मिळाले. त्यामुळे स्वमग्न मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न दयाबुद्धीवर सोडून न देता हक्क म्हणून मांडता येतो.

उपचारकाने कोणतेही उद्दिष्ट ठरवताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे वर्तन मुलाला वा दुसऱ्याला इजा करते काय? हे शिकल्याने मुलाला काही मागता, नाकारता किंवा स्वतःचे स्वतः करता येईल काय? आणि मूल ‘नको’ म्हणते, तेव्हा ते ऐकून घेण्याची सोय आपल्या पद्धतीत आहे काय? ज्या मुलाला शब्द नाहीत, त्याचे ‘नको’ मान फिरवण्यात किंवा हात झटकण्यात असते. ते ओळखणे हा उपचारकाच्या शिक्षणाचा पहिला धडा होय.