‘हॅव’ या क्रियापदाचे अध्यापन

इंग्रजीच्या प्रारंभिक पाठ्यक्रमात ‘हॅव’ हा शब्द फार लवकर येतो. महाराष्ट्रात सन २००० पासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविली जात असल्यामुळे पूर्वी पाचवीत भेटणारा हा शब्द आता अगदी कोवळ्या वयात मुलांपुढे येऊन उभा राहतो. ‘हॅव म्हणजे जवळ असणे’ एवढा अर्थ सांगून शिक्षक पुढे जातात. परंतु ‘मला दोन भाऊ आहेत’ या साध्या वाक्याचे इंग्रजी करावयास सांगितले, की पाटीवर ‘माय टू ब्रदर्स आर’ किंवा ‘मी हॅव टू ब्रदर्स’ असे काही उमटते. ही चूक आळसाची किंवा मंदबुद्धीची नव्हे. मूल आपल्या मातृभाषेचे व्याकरण प्रामाणिकपणे पाळीत असते, आणि नेमके तेथेच अडते.

मराठीत ‘हॅव’ला तंतोतंत जुळणारे नित्याचे क्रियापद नाही. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याजवळ पेन आहे’, ‘गाईला चार पाय असतात’, ‘आमची दोन एकर जमीन आहे’, ‘त्याला ताप आहे’ ही सर्व वाक्ये आपण ‘असणे’ या एकाच क्रियापदावर भागवितो. त्यांत भाऊ, पेन, पाय, जमीन, ताप हे कर्ते होत. ज्याचे ते आहे तो मात्र ‘ला’ हा प्रत्यय, षष्ठी किंवा ‘जवळ’सारखे शब्दयोगी अव्यय लावून बाजूला बसतो. इंग्रजी ही मांडणी उलटी करते. ती धन्याला कर्त्याच्या आसनावर बसविते आणि वस्तूला कर्म करते : ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘द काउ हॅज फोर लेग्ज’, ‘वुई हॅव टू एकर्स ऑफ लँड’, ‘ही हॅज अ फीव्हर’. म्हणून शब्दार्थ सांगण्यापूर्वी ‘कोणाला? कोणाजवळ? कोणाचे?’ असा प्रश्न विचारावा, येणाऱ्या उत्तरातील प्रत्यय काढून टाकावा आणि तो शब्द वाक्याच्या आरंभी ठेवण्याची सवय लावावी.

येथे एक गमतीचा, पण त्रासदायक योगायोग आहे. इंग्रजीतील ‘मी’ म्हणजे मराठीतील ‘मला’. आणि मराठीतील ‘मी’ म्हणजे इंग्रजीतील ‘आय’. उच्चार एकच असल्यामुळे मूल ‘मी हॅव’ म्हणून मोकळे होते. हा गोंधळ फळ्यावर उघड करून दाखवावा. मुले हसतात आणि लक्षात ठेवतात.

याहून खोल अडचण वचनाची आहे. ‘ही, शी, इट यांना हॅज’ हा नियम वर्ग एका सुरात म्हणतो, तरी वहीत ‘सीता हॅव टू ब्रदर्स’ येतेच. कारण मराठीत ‘सीतेला एक भाऊ आहे’, ‘सीतेला दोन भाऊ आहेत’ असे क्रियापद भावांच्या संख्येप्रमाणे बदलते. इंग्रजीत ते सीतेकडेच पाहते. भाऊ एक असो वा पाच. हाच घोटाळा पूर्ण वर्तमानकाळात पुन्हा होतो. ‘रामाने आंबे खाल्ले आहेत’ हा आपला कर्मणी प्रयोग. त्यात क्रियापद आंब्यांच्या मागे जाते, म्हणून मूल ‘राम हॅव ईटन मँगोज’ लिहिते. उलट ‘मुलींनी आंबा खाल्ला आहे’ याचे ‘द गर्ल्स हॅज ईटन अ मँगो’ होते. नियम पुन्हा घोकवून हे सुटत नाही. फळ्यावर प्रथम कर्ता तोच ठेवून वस्तू बदलावी : ‘द बॉय हॅज अ बुक’, ‘द बॉय हॅज टेन बुक्स’. नंतर वस्तू तीच ठेवून कर्ता बदलावा : ‘द बॉय हॅज अ बॉल’, ‘द बॉईज हॅव अ बॉल’. कोणता शब्द बदलला असता क्रियापद हलले, हे मुलांनाच शोधू द्यावे. वर्गातील चेंडू, दप्तरे व पाट्या यांवर हा पाठ उत्तम होतो. चित्रतक्त्याची वाट पाहू नये.

‘जवळ असणे’ दाखविणारा शब्द काळ दाखवू कसा लागला, असे जिज्ञासू शिक्षकाला वाटेल. जुन्या इंग्रजीत ‘माझ्याजवळ पत्र लिहिलेले आहे’ अशा अर्थाच्या रचनेत ‘हॅव’ येत असे. तीतूनच पुढे ‘मी पत्र लिहिले आहे’ हा अर्थ रूढ झाला. त्यामुळे या काळाचा रोख आजच्या स्थितीवर असतो आणि ‘काल’, ‘गेल्या वर्षी’ असे संपलेल्या वेळेचे शब्द त्याला चालत नाहीत. मराठीत ‘मी हे पुस्तक गेल्या वर्षी वाचले आहे’ हे वाक्य निर्दोष आहे. इंग्रजीत तेथे ‘हॅव’ गाळून साधा भूतकाळच योजावा लागतो.

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हा प्रयोग आपल्याकडे सुशिक्षितांच्या तोंडीही ऐकू येतो. प्रमाण इंग्रजीत मालकी, नाते किंवा अवयव सांगताना ‘हॅविंग’ योजीत नाहीत. ‘शी इज हॅविंग हर ब्रेकफास्ट’ हे मात्र शुद्ध आहे, कारण तेथे ‘हॅव’चा अर्थ खाणे असा आहे.

प्रश्नार्थक वाक्यांत जुन्या पुस्तकांतील ‘हॅव यू अ पेन?’ चुकीचे नाही. तथापि आज ‘डू यू हॅव अ पेन?’ अधिक रूढ आहे व तेच शिकवावे. ‘डज’ आल्यावर ‘हॅज’चे पुन्हा ‘हॅव’ होते, ‘डज ही हॅव अ पेन?’, हे मुद्दाम सांगावे. साहाय्यक क्रियापद असेल तेथे ‘डू’ येत नाही : ‘हॅव यू ईटन?’

वरच्या वर्गांत ‘आय हॅव टु गो’ ही रचना येते. तिचा अर्थ ‘मला जावे लागते’. येथेही मराठीतील ‘मला’ इंग्रजीत ‘आय’ होतो, म्हणून आरंभीचा प्रश्न येथेही उपयोगी पडतो. उच्चार मात्र बहुधा ‘हॅफ टु’ असा होतो. तो शिक्षकाने स्वतः दोनतीनदा स्पष्ट म्हणून दाखवावा.