खुर्चीतले संमोहन आणि होडीतली तलफ

"एका बैठकीत सिगारेट सोडा" अशा जाहिराती आता मोबाइलवर सर्रास दिसतात. मांडव्याहून गेटवेला लाँचने तासाभरात पोचता येते, त्यामुळे अलिबागकडच्या माणसाला मुंबईतला संमोहनतज्ज्ञ हाताशी असल्यासारखाच वाटतो. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांशी बोलण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्यातून माझे मत असे बनले आहे की तलफेशी झुंजताना संमोहनाचा आधार जरूर घ्यावा, पण सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नये. 'ते लोक माझे व्यसन काढून देतील' अशा भरवशाने जो जातो, त्याचा वेळ आणि पैसा तर जातोच, शिवाय पुन्हा सोडायची उमेदही खचते. हे माझे म्हणणे पटावे म्हणून पुराव्यासकट मांडतो.

आधी तलफ म्हणजे काय ते पाहू. विडीचा झुरका घेतल्यावर निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूपर्यंत पोचते आणि दोनेक तासांत रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. म्हणून सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस सर्वांत जड जातात. चिडचिड होते, झोप उडते, कशात लक्ष लागत नाही. हा शारीरिक त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. तलफेचा एकेक झटका मात्र काही मिनिटांचाच असतो, आणि तो बहुतेक वेळा ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी येतो. जेवण उरकले की येतो, चहाचा ग्लास हातात आला की येतो, जाळे टाकून झाल्यावर नाळीवर टेकताच येतो. शेजारच्याने काडी ओढली तरी येतो. या झटक्यात संमोहनाचा उपयोग होऊ शकतो, हे मला मान्य आहे. बैठकीत होते काय? माणसाला आरामखुर्चीत बसवतात, श्वास संथ करायला लावतात, आकडे मोजत मोजत अंग सैल सोडायला सांगतात आणि मन एकाग्र झाले की सूचना देतात. धूर शरीराला विष आहे, हे शरीर सांभाळणे माझे काम आहे, तलफ आली तरी ती निघून जाते, अशा त्या सूचना असतात. माणूस शुद्धीवर असतो, त्याला सगळे ऐकू येते, आणि नको असलेली गोष्ट त्याच्याकडून करवून घेता येत नाही. अंग सैल सोडण्याची ही सवय मुरली तर ती चार-पाच मिनिटे निभावून नेता येतात.

आता पुराव्याकडे वळू. न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ हर्बर्ट स्पीगल यांनी १९७० मध्ये एका बैठकीची पद्धत मांडली. सहाशेवर माणसांपैकी सुमारे २० टक्के सहा महिन्यांनंतरही धूम्रपानापासून दूर राहिले, असे त्यांनी नोंदवले. पुढे १९९२ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी सहाशेहून अधिक अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली. तीत संमोहनाचे यश ठळक दिसले आणि तेच आकडे आजवर जाहिरातींत फिरत आहेत. अडचण अशी की असल्या जुन्या अभ्यासांपैकी अनेकांत तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता आणि 'सोडली' हे माणसाच्या शब्दावरच मानले गेले होते. तुलना ठेवून, चिठ्ठ्या टाकून गट पाडून केलेले अभ्यास घेतले की चित्र बदलते. कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये असे १४ अभ्यास तपासले, त्यांत १,९२६ माणसे होती. इतर समुपदेशनापेक्षा किंवा आपल्या आपण सोडण्यापेक्षा संमोहन सरस आहे असे म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असा त्या तपासणीचा निष्कर्ष आहे. याउलट निकोटिनच्या च्युइंग गम आणि पट्ट्यांवर शंभराहून अधिक अभ्यास झाले आहेत, साठ हजारांवर माणसांवर. त्यांनी यशाची शक्यता ५० ते ६० टक्क्यांनी वाढते. म्हणजे शंभरांतले दहा सुटणार असतील तर पंधरा-सोळा सुटतात. आकडा लहान वाटेल, पण तो पुन्हा पुन्हा तपासून टिकलेला आहे. 'पुरेसा पुरावा नाही' याचा अर्थ 'उपयोग नाही' असा होत नाही, हेही इथेच सांगायला हवे. अभ्यास थोडे आणि छोटे आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: "आमच्या ओळखीच्याची एका बैठकीत सुटली." सुटली असेल, मी खोटे म्हणत नाही. पण कामाचा दिवस मोडून, हजारो रुपये भरून मुंबई गाठणाऱ्या माणसाचा निश्चय आधीच अर्धाअधिक झालेला असतो. कसलाही उपचार न घेता सोडणाऱ्यांतलेही थोडे वर्षभर टिकतातच. शिवाय ज्याची सुटली तो चारचौघांत सांगतो, आणि ज्याने महिन्याभरात पुन्हा विडी धरली तो गप्प बसतो. म्हणून टपरीवर ऐकू येणारी यशाची कहाणी हा पुरावा ठरत नाही. संमोहनाला सहज प्रतिसाद देणारी माणसे साधारण दहा-पंधरा टक्केच असतात, उरलेल्यांना त्याचा कमी-जास्त गुण येतो, हेही लक्षात असू द्यावे.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो: "फायदा नाही झाला तरी अपाय तर नाही ना?" अपाय आहे. खिशाला बसणारी झळ बाजूला ठेवली तरी, एका बैठकीच्या आशेवर गेलेला माणूस दुसऱ्या आठवड्यात घसरला की म्हणतो, "माझ्यावर तर संमोहनही चालले नाही, माझे काही खरे नाही." आणि तो गम, औषधे, समुपदेशन यांच्या वाटेलाच जात नाही. बहुतेकांना कायमची सुटण्याआधी अनेकदा प्रयत्न करावे लागतात, त्यामुळे पुढचा प्रयत्न टाळायला लावणारी निराशा ही खरी हानी आहे. ज्यांना भास होतात, संशय येतात किंवा पूर्वी गंभीर मानसिक आजार झाला आहे, त्यांनी मनोविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय संमोहन घेऊच नये.

"गम म्हणजे पुन्हा निकोटिनच की," असेही काही जण म्हणतात. ते निकोटिनच आहे, पण गालाच्या आतून सावकाश भिनणारे. धूर, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड वगळलेले, आणि काही आठवड्यांत कमी करत बंद करायचे. मात्र ते साध्या च्युइंग गमसारखे चघळायचे नसते, आणि इथेच पुष्कळांची चूक होते. हळूहळू चार-सहा वेळा चावायचे, तिखट चव किंवा झिणझिण्या जाणवल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचे, चव गेली की पुन्हा चावायचे, असे अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटे आणि ते तोंडात असताना चहा किंवा सरबत प्यायचे नाही. भराभर चावून लाळ गिळली की उचकी लागते, पोटात जळजळते आणि माणूस "सोसत नाही" म्हणून ते फेकून देतो.

किनाऱ्यावरच्या माणसासाठी माझा सल्ला इथल्याच दिनक्रमावर बेतलेला आहे. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. सोडण्याची तारीख जूनच्या सुरुवातीला धरली तर त्रासाचे पहिले चार आठवडे घरच्यांच्या नजरेसमोर जातात. संमोहनाच्या बैठका घ्यायच्या तर याच काळात घ्याव्यात. पण त्या दिवसांत रिकामपण खायला उठते, म्हणून जाळी शिवण्याचे किंवा होडी रंगवण्याचे काम तलफेच्या ठरल्या वेळीच हाती घ्यावे. आणि खरी कसोटी ऑगस्टमध्ये, बोट पुन्हा पाण्यात उतरल्यावर असते. दवाखान्याच्या शांत खोलीत मिळालेली सूचना इंजिनाच्या आवाजात, पहाटेच्या गारठ्यात, सगळे खलाशी विड्या पेटवत असताना आपोआप आठवत नाही. म्हणून तज्ज्ञाला आपली वेळ आणि जागा नेमकी सांगावी, सूचना त्याच प्रसंगाच्या मागून घ्याव्यात, स्वसंमोहन शिकून रोज घरी करावे आणि फेरीवर निघताना गमचे पाकीट बरोबर न्यावे. तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, आधीच सांगून ठेवलेले बरे. मालक-तांडेलाने 'याला कुणी विडी देऊ नका' म्हटले की बोटीवर ते पाळले जाते.

संमोहन कोण करतो हेही बघायला हवे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २००३ मध्ये स्पष्ट केले की संमोहनोपचार ही उपचाराची एक रीत आहे, स्वतंत्र वैद्यकशास्त्र नाही, आणि ती नोंदणीकृत डॉक्टरांनी किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनी वापरावी. म्हणून प्रशिक्षण कुठे घेतले ते विचारा. किती बैठका, एकूण खर्च किती, घसरलो तर पुढे काय, हेही विचारा. शंभर टक्के हमी देणारा किंवा "डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा" म्हणणारा भेटला तर पैसे भरण्याआधीच उठून या.

आणखी एक गोष्ट राहते, आणि ती मला टोचते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के गुटखा, मशेरी अशा बिनधुराच्या रूपात तंबाखू घेणारे आढळले. म्हणजे आपल्याकडचे व्यसन बहुतांशी तोंडातले आहे, तर संमोहनाचे वर सांगितलेले अभ्यास सिगारेटवरचे आहेत. सकाळी मशेरी लावणाऱ्या बाईला कुणी संमोहनाची जाहिरात दाखवत नाही आणि तिची तलफ कुणी तलफ म्हणून मोजतही नाही. तिला आणि विडी ओढणाऱ्या खलाशाला, दोघांनाही फुकट चालणारा एक मार्ग आहे: १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांक. तिथला समुपदेशक तारीख ठरवायला मदत करतो आणि पुढेही चौकशी करतो. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून व्यसनी माणसांसाठी जे केले, त्याचाही गाभा हाच, माणूस घरी गेल्यावर त्याच्या संपर्कात राहणे. संमोहनाला जायचे असेल तर जरूर जा, पण आधी हा फोन लावा, जवळच्या सरकारी दवाखान्यात गम किंवा औषधाबद्दल विचारा, आणि मग उरलेल्या पैशांतून बैठकीची वेळ घ्या.