चि. केतकीस, एकांकिका पुन्हा लिहिण्याआधी

चि. केतकी,


तुझी संहिता वाचली. आठही पात्रं पहिल्या पानापासून साखरपुड्याच्या मांडवात, आणि जो येतो तो आल्या आल्या आपलं दुःख बोलून मोकळा होतो. मग पुढे काय होणार याची ओढ राहीलच कशी? नव्याने लिहायला बसण्याआधी ‘डिनर अ‍ॅट एट’ हा १९३३चा चित्रपट बघ. जॉर्ज कॉफमन आणि एड्ना फर्बर यांचं मूळ नाटक आदल्याच वर्षी ब्रॉडवेवर आलं होतं. दिग्दर्शक जॉर्ज क्यूकरही मूळचा रंगभूमीवरचा.

न्यूयॉर्कच्या मिलिसेंट जॉर्डनला एका इंग्रज लॉर्डसाठी मेजवानी द्यायची आहे, एवढीच गोष्ट. दिवस मंदीचे. नवऱ्याची जहाज कंपनी डबघाईला आलेली, त्याचं हृदय थकलेलं, आणि जेवायला बोलावलेला पॅकार्डच ती कंपनी गुपचूप गिळायला निघालेला. पॅकार्डच्या बायकोचं, किटीचं, डॉक्टरशी सूत आहे; डॉक्टरही पाहुण्यांत. मिलिसेंटच्या मुलीचा जीव लॅरी रेनॉल्ट या उतरणीला लागलेल्या नटावर जडलाय. ही दुखणी आपल्याला ज्याच्या त्याच्या घरात, खोलीत शिरून कळतात. यजमानीणबाईंना कशाचाच पत्ता नाही. म्हणून आठ वाजत आले की आपला जीव वरखाली होतो.

एक प्रसंग मात्र नीट बघ. नवरा म्हणतो, बरं वाटत नाही. मुलीला काही सांगायचंय. आणि मिलिसेंट दोघांवर कडाडते: शेवंडीच्या पदार्थाचा सत्यानाश झालाय, लॉर्डसाहेब ऐनवेळी फ्लोरिडाला निघून गेलेत, आणि तुम्हाला तुमचं पडलंय! मिलिसेंट झालेली बिली बर्क हे अगदी पोटतिडकीने बोलते, हसवायचा आव जराही आणत नाही. आपण हसतो, आणि नवऱ्याचा आजार ठाऊक असल्यामुळे लगेच गप्प होतो. तुझ्या एकांकिकेतल्या काकूच्या तोंडी विनोद घालू नकोस. तिचा वैताग खरा लिही, हसू आपोआप येईल.

लॅरीचं काम जॉन बॅरिमोरने केलंय, जो स्वतः दारूच्या आहारी गेलेला होता. ज्या चेहऱ्यावर नाव मिळवलं त्याच्यावर नीट उजेड पडेल असा दिवा लावून लॅरी मृत्यूची वाट बघत बसतो. तिथे एकही शब्द नाही. तुझ्या दिनूकाकाचं दीड पानी स्वगत काढून टाक, त्याला करायला काहीतरी दे.

जीन हार्लोची किटीही बघ. उथळ, नटवी वाटणारी हीच बाई शेवटी नवऱ्याला धमकावून जॉर्डनची कंपनी वाचवते. तुझ्या मोठ्या वहिनीत असं काही सापडतं का, शोध.

आणि एवढा खटाटोप करूनही मेजवानी आपल्याला दिसतच नाही. मंडळी जेवणघराकडे वळतात, तिथेच चित्रपट संपतो. तूही साखरपुडा दाखवू नकोस. मांडवाबाहेरच्या खोल्यांतून सगळं पुन्हा लिही आणि दिवाळीआधी मला पाठव.

तुझी,
आत्या