३.४ मागणी आणि निर्णयलेखन

सॉफ्टवेअरचे वापरकर्ते सतत नव्या सुविधांची मागणी करीत असतात. अशा मागणीत गरज आणि वापरकर्त्याने सुचवलेला उपाय या दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. निर्णय घेणाऱ्याने त्या वेगळ्या करून पाहणे आवश्यक असते.

'पायथन' या संगणकभाषेचे उदाहरण घेऊ. तेथे मोठ्या बदलाचा प्रस्ताव विहित नमुन्यात, कारणांसह लिहावा लागतो. २००३ मध्ये प्रस्ताव क्रमांक ३०८ मांडला गेला. 'अट पूर्ण झाल्यास हे, अन्यथा ते' असे एकाच ओळीत लिहिण्याची सोय त्यात मागितली होती. त्यावर मतदान झाले. अशी सोय असावी असे अनेकांना वाटत होते. परंतु तिच्या कोणत्याही एका रूपाला बहुमत मिळाले नाही. त्यामुळे प्रस्ताव नाकारला गेला आणि नकाराचे कारणही नोंदवले गेले. पुढे, या सोयीऐवजी वापरल्या जाणाऱ्या आडवळणाच्या रचनेमुळे चुका होतात, असे आढळले. तेव्हा २००५ मध्ये भाषेचे जनक ग्विडो व्हान रॉसम यांनी एक रूप निश्चित केले. २००६ च्या २.५ या आवृत्तीत ते समाविष्ट झाले.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात :
१. मतांवरून गरज कळते. उपाय योग्य आहे की नाही, हे त्यावरून ठरत नाही.
२. सकारण नोंदवलेला नकार पुनर्विचाराची वाट मोकळी ठेवतो. 'शक्य नाही' एवढेच उत्तर ती वाट बंद करते.

स्वयं-अध्ययन प्रश्न
ग्रंथालयाकडे आलेल्या एखाद्या मागणीतील गरज व उपाय वेगळे करा आणि सकारण नकाराचे पत्र लिहा.